बॅरिस्टरीची सात वर्षे

आपल्या वस्तीतल्या घरांत मूल अभ्यासाचा कंटाळा करू लागले की, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे त्याला ऐकवले जातेच. गोष्ट खरी आहे आणि ती सांगितलीही पाहिजे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला नेहमी वाटत आले आहे की, या अठरा तासांच्या गोष्टीत तिचा अर्धा भाग गळून जातो. अठरा तास अभ्यास करायचा तर आधी ते तास हाताशी असावे लागतात. ज्याच्या डोक्यावर नोकरी आहे, घरभाडे आहे, घरात लहान मूल आहे आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे, त्याने ते आणायचे कोठून? बाबासाहेबांना ते कोणी आयते दिले नव्हते. त्यांनी ते कसे मिळवले, त्यासाठी काय मोडले, काय गहाण टाकले आणि त्या काळात घर कोणी सांभाळले, हे पाहिल्याखेरीज त्यांच्या विद्येची किंमत कळत नाही.

या दृष्टीने त्यांच्या सगळ्या पदव्यांत मला बॅरिस्टरीची हकिकत सर्वांत बोलकी वाटते. नोव्हेंबर १९१६ मध्ये त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव घातले आणि मुंबई उच्च न्यायालयाची सनद त्यांच्या हाती पडली जुलै १९२३ मध्ये. म्हणजे सात वर्षांना चार महिने कमी. यातला जवळजवळ अर्धा काळ ते लंडनमध्ये नव्हतेच. ते नोकरी शोधत होते, नोकरी करीत होते, संसार चालवत होते, वृत्तपत्र काढत होते आणि पुन्हा परत जाण्यासाठी पैसा साठवत होते. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले-मुली आज नाशिकरोडच्या छापखान्यात, तोफखान्याच्या केंद्रात, रेल्वेत किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीची नोकरी करून वकिलीचा, बी.एड.चा, हिशेबनिशीचा अभ्यास करीत आहेत. काहींचा तो मध्येच सुटलेला आहे. त्यांना अठरा तासांपेक्षा ही सात वर्षे अधिक जवळची वाटतील.

प्रारंभ छावणीपासून करायला हवा. आपली शाळा देवळाली कॅम्पात आहे, आणि छावणी हा शब्द आपल्या इतिहासात नुसता भूगोलाचा नाही. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. कंपनी सरकारच्या काळापासून पलटणीतल्या शिपायांना व त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय असे, आणि गावाच्या शाळेने ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांच्या घरात अक्षर शिरले ते या वाटेने. पुढे १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची लष्करभरतीच बंद करण्यात आली. तोवर मात्र छावणीने एक पिढी शिकवून ठेवली होती. रामजी सुभेदार त्या पिढीतले.

मुंबईत परळच्या डबक चाळीत हे कुटुंब एका खोलीत राहत असे. स्वयंपाक, झोप, पाहुणे, जळाऊ लाकडे, सगळे त्याच खोलीत. मुलाला रात्री अभ्यासाला जागा मिळावी म्हणून वडिलांनी काढलेला मार्ग आजच्या पालकांनी ऐकण्यासारखा आहे. सायंकाळी भीमराव लवकर झोपत आणि वडील जागे राहत. रात्री दोनच्या सुमारास वडील त्यांना उठवीत आणि स्वतः त्यांच्या जागी आडवे होत. एकाच अंथरुणाची ही दोन पाळ्यांतली वाटणी होती. बाबासाहेबांच्या अभ्यासाचे पहिले वेळापत्रक असे एका म्हाताऱ्या पेन्शनराने आपली झोप देऊन आखले.

मॅट्रिकची परीक्षा ते १९०७ साली उत्तीर्ण झाले. त्याच सुमारास रमाबाईंशी विवाह झाला. दापोलीजवळच्या वणंद गावची ही मुलगी लहानपणीच आईवडिलांना पारखी झालेली होती. पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले. १२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. जानेवारीत भीमराव नोकरीसाठी बडोद्याला गेले, तोच वडिलांच्या आजारपणाची तार आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार निवर्तले. दोन महिन्यांच्या आत पितृत्व, पहिली नोकरी आणि पितृशोक. त्या वर्षाच्या जूनमध्ये बडोदे सरकारशी करार झाला: अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी.

कोलंबिया विद्यापीठातील त्या तीन वर्षांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १९१५ मध्ये एम.ए., मग पीएच.डी.च्या प्रबंधाची तयारी, मे १९१६ मध्ये भारतातील जातींवरचा तो गाजलेला निबंध. आपल्या विषयाच्या दृष्टीने एवढेच सांगतो की, साडेअकरा पौंडांतून पोट भरणे, पुस्तके घेणे आणि परळला घरखर्चासाठी पैसे धाडणे, हे सारे भागवायचे असे. परळला त्या पैशांची वाट पाहणारी रमाई त्यावेळी जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची होती.

जून १९१६ मध्ये ते लंडनला आले. ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी प्रवेश घेतला आणि नोव्हेंबरमध्ये ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी. अर्थशास्त्र हा त्यांच्या आवडीचा विषय होता. कायद्याकडे ते का वळले, याचे उत्तर त्यांच्या पुढच्या आयुष्यात आहे: कोणाची मर्जी न सांभाळता पोट भरता येईल आणि समाजाचे कामही करता येईल, असा धंदा त्यांना हवा होता. संस्थानची नोकरी तसा नव्हती, सरकारी नोकरीही नव्हती.

बॅरिस्टर होण्याची त्या काळची रीत आज अनेकांना ठाऊक नाही. केवळ परीक्षा देऊन भागत नसे. इनमध्ये वर्षाला चार सत्रे असत आणि साधारणपणे बारा सत्रे भरावी लागत. सत्र भरणे म्हणजे त्या सत्रात इनच्या भोजनगृहात ठरावीक वेळा इतर सभासदांबरोबर मेजावर बसून जेवणे. जेवणे चुकली तर सत्र बुडाले. त्यामुळे मुंबईत राहून पुस्तके वाचून ही परीक्षा पदरात पाडून घेणे शक्य नव्हते, लंडनमध्ये देहाने हजर असावेच लागे. ज्या माणसाला स्वदेशात कोणी पंक्तीला घेतले नसते, त्याला लंडनमध्ये वकील होण्यासाठी पंक्तीला बसणे ही अटच होती! इतिहासात अशा गंमती असतात.

गांधीजी बॅरिस्टर झाले १८९१ साली, म्हणजे बाबासाहेब जन्मले त्याच वर्षी, आणि जवाहरलाल नेहरू १९१२ साली. त्या दोघांनाही आपापल्या अडचणी असतील, परंतु लंडनला जाऊन बसणे आणि काम पुरे करूनच परतणे त्यांना शक्य झाले. बाबासाहेबांना एक वर्षही सलग मिळाले नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा निरोप आला.

या ठिकाणी त्यांनी जे केले त्याकडे मी आमच्या विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. अभ्यास मोडतो आहे हे दिसताच ते हताश होऊन गाडीत बसले नाहीत. निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून लेखी परवानगी मिळवली की, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत आपण परत येऊन अभ्यास पुढे चालू करू शकू. प्रध्यापक एडविन कॅनन यांचे साहाय्य त्यांना यात झाले. दार बंद होण्यापूर्वी त्यांनी त्यात पाऊल अडकवून ठेवले होते. परत यायला पैसा कोठून येणार, हे त्या दिवशी त्यांनाही माहीत नसावे.

पहिले महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके आणि सामान ज्या जहाजातून येत होते ते जहाज टॉर्पेडोने बुडाले. वर्षानुवर्षे उपाशी राहून जमवलेला ग्रंथसंग्रह समुद्राच्या तळाशी गेला. थॉमस कुक कंपनीकडून सामानाची भरपाई म्हणून काही रक्कम मिळाली, आणि तिच्यातूनच त्यांनी बडोद्याला जाण्याचा खर्च भागवला. पुस्तकांच्या मोलाने मिळवलेली ती नोकरी किती दिवस टिकली? बडोद्यात राहायला कोणी जागा देईना. पारशी पथिकाश्रमात त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. कचेरीत शिपाई कागद दुरून फेकत. ते एका सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ही हकिकत त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवली आहे, तेव्हा येथे तिचा विस्तार करीत नाही.

१९१७ च्या अखेरीस परिस्थिती अशी होती: दोन विद्यापीठांतले दोन प्रबंध अपुरे, बॅरिस्टरी अपुरी, नोकरी गेलेली, घरी बायको-मूल, आणि घरातली इतर माणसे. वय सव्वीस. त्यांनी शिकवण्या धरल्या. शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्यांना सल्ला देण्याचे एक छोटे कार्यालय काढले. ते चालूही लागले होते, पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले. शेअरचा भाव सांगणाऱ्याचीही जात पाहणारा हा देश! तरी याच दिवसांत, १९१८ मध्ये, भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि बर्ट्रांड रसेल यांच्या ग्रंथावर त्यांनी परीक्षण लिहिले. कामधंदा नसतानाही विषयाशी नाते तुटू द्यायचे नाही, एवढे पथ्य त्यांनी पाळले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची तात्पुरती नेमणूक झाली. पगार दरमहा साडेचारशे रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम होती आणि तिच्यावर एक मध्यमवर्गीय कुटुंब चैनीत राहू शकले असते. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती. विद्यार्थी मात्र त्यांच्या तासाला इतर वर्गांतूनही येऊन बसू लागले.

येथे हिशेब मांडून पाहावा. मार्च १९२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला, म्हणजे नोकरी साधारण सोळा महिन्यांची. सगळाच्या सगळा पगार पेटीत टाकला असता तरी तो ७,२०० रुपये भरला असता. त्यातूनच घर चालवायचे होते. बाबासाहेबांनी परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतली राहणी बदलली नाही. पगारातला ठरलेला भाग रमाईंच्या हाती ठेवला जाई आणि उरलेला लंडनसाठी शिल्लक पडे. प्राध्यापकाची बायको म्हणून चार दागिने, मोठी जागा, नोकर-चाकर यांची अपेक्षा कोणी केली असती तर तिला दोष देता आला नसता. रमाईंनी ठरलेल्या पैशांत महिना काढला. या सोळा महिन्यांच्या शिलकेवर जितका हक्क बाबासाहेबांचा, तितकाच त्यांचाही आहे, असे माझे मत आहे. चरित्रकारांनी बचतीचे श्रेय बहुधा एकट्या बाबासाहेबांच्या नावावर टाकले आहे. पण पगार कमावणारा आणि पगार पुरवणारी यांत दुसरे काम अधिक अवघड, हे प्रत्येक घरातली बाई सांगेल.

शिल्लक टाकणारा हा माणूस या काळात सार्वजनिक कामापासून दूर राहिला असता तर समजण्यासारखे होते. पण जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला. त्यासाठी छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांना आपले नाव घालता आले नाही, ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे गेले. मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली, मेअखेर नागपूरची. आणि जुलैमध्ये ते लंडनला निघाले.

विचार करा. समाजाने नुकतेच त्यांना आपला पुढारी म्हणून ओळखले होते. शाहू महाराजांनी माणगावला तसे जाहीरपणे सांगितले होते. पत्र सहा महिन्यांचे होते. अशा वेळी सगळे सोडून परीक्षा द्यायला जाणे काहींना रुचले नसणार. पण विद्यापीठाने दिलेली चार वर्षांची मुदत ऑक्टोबर १९२१ ला संपत होती. या निर्णयाची किंमतही त्यांनी मोजली: ‘मूकनायक’ ज्ञानदेव घोलप यांच्याकडे सोपवला गेला, पुढे तो अडचणीत आला आणि १९२३ मध्ये बंद पडला. कामे, घर आणि अभ्यास यांचा तोल साधला, असे आपण सहज लिहून जातो. खरे तर तिन्ही गोष्टी एकाच वेळी सारख्या उंचीवर त्यांनाही धरता आल्या नाहीत. एक वर्ष पगाराचे, एक वर्ष पत्राचे, दोन वर्षे परीक्षेची, अशी पाळी त्यांनी लावली आणि जी गोष्ट खाली ठेवली ती कोणाच्या हाती ठेवायची हे पाहिले.

खर्चासाठी शिलकेबरोबर शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज होते. भथेना पारशी, न्यूयॉर्कच्या वसतिगृहातले स्नेही. बडोद्याच्या पथिकाश्रमापुढे लाठ्या घेऊन उभे राहिलेलेही पारशीच होते. समाजाच्या नावाने माणसे मोजू नयेत, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

लंडनमधला दुसरा मुक्काम फार काटकसरीचा होता. न्याहारीला घरमालकीण देई तो पाव, मासळीचा लहानसा तुकडा आणि चहा. मग सकाळीच ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय गाठायचे, ते बंद होईपर्यंत उठायचे नाही. पैसे आणि वेळ दोन्ही वाचावेत म्हणून दुपारचे जेवण नाही. रात्री बोव्हरिलचा पेला आणि बिस्किटे. मध्यरात्रीपर्यंत भूक अनावर झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. खोलीतला सोबती जागा झाला की त्यांना झोपायला सांगे, आणि ते आपल्याजवळ वेळही नाही व पैसाही नाही असे सांगून त्याला परत झोपवत. अठरा तासांची गोष्ट बहुधा या खोलीतून निघाली. एवढे तास ते का बसत, हेही येथेच कळते. लंडनमधला प्रत्येक दिवस सिडनहॅमच्या शिलकेतून आणि भथेनांच्या कर्जातून खर्ची पडत होता. जो अभ्यास इतर लोक चार दिवसांत करीत, तो एका दिवसात करणे हीच त्यांची काटकसर होती. या काळात ते ज्या घरात राहिले त्यांपैकी किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले असून आज तेथे स्मारक आहे.

तरी पैसा पुरला नाही. सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड कर्जाऊ मागितले. घरी रमाईंना लिहिलेल्या पत्रांतही पैशाची विवंचना आहे. तिकडे परळला यशवंतरावांचे आजारपण, भावजय लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद यांच्यासह साऱ्यांचा शिधा, चाळीचे भाडे. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकाच संसाराची ओढाताण चालली होती, आणि पत्र पोहोचायला आठवडे लागत. मे १९२२ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले तेव्हा बाबासाहेब लंडनमध्ये होते.

अभ्यास मात्र वेळापत्रकाप्रमाणे सरकत होता. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. पदरात पडली. २८ जून १९२२ रोजी ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर म्हणून दाखल करून घेतले. वर्षअखेर ‘रुपयाचा प्रश्न’ हा डी.एस्सी.चा प्रबंध विद्यापीठाला सादर झाला. मधल्या काळात जर्मनीतील बॉन विद्यापीठातही शिकण्याचा बेत त्यांनी केला होता, पण तो तडीस गेला नाही. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध फिरून लिहायला सांगितला. ब्रिटिशांच्या चलननीतीवरची टीका त्यांना झोंबली होती. लंडनमध्ये थांबायला पैसा नव्हता. एप्रिलमध्ये बाबासाहेब बॅरिस्टर होऊन, पण डी.एस्सी.विना, मुंबईला उतरले.

पुढचे चार महिने मला या साऱ्या हकिकतीत विशेष महत्त्वाचे वाटतात, कारण यात गाजावाजा काहीच नाही. वकिली सुरू करायची तर सनदेची फी भरायची होती आणि तेवढेही पैसे नव्हते. पुन्हा भथेना उपयोगी पडले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सनद मिळाली. त्याच दिवसांत परळच्या चाळीत बसून ते प्रबंध नव्याने लिहीत होते. निष्कर्ष त्यांनी सोडले नाहीत, मांडणी तेवढी बदलली. ऑगस्टमध्ये प्रबंध लंडनला रवाना झाला, वर्षअखेरीच्या आत पदवी मिळाली आणि डिसेंबर १९२३ मध्ये तो लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला, कॅनन यांच्या प्रस्तावनेसह. रुपयावरचा हा ग्रंथ असा गिरणगावातल्या दोन खोल्यांत पुरा झाला. आपल्या नाशिकरोडला नोटांचा छापखाना त्यानंतर काही वर्षांनी उभा राहिला. त्यात काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ एकदा तरी चाळावा, ही मास्तरकीची सूचना.

कोलंबियाचा प्रबंध अजून शिल्लक होताच. तो छापून सादर करण्याची अट होती. १९२५ मध्ये तो छापला गेला आणि पीएच.डी. १९२७ मध्ये मिळाली, म्हणजे न्यूयॉर्क सोडल्यावर अकरा वर्षांनी.

बॅरिस्टर झाल्याने सुबत्ता आली, असेही नाही. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य वकिलाला काम देईनात. खटले येत ते खालच्या न्यायालयांतले आणि पक्षकार बहुधा गरीब. जून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवू लागले, आणि १९२८ मध्ये शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. दिवसा न्यायालय, मग वर्ग, मग परळच्या दामोदर हॉलमधले कार्यालय. १९२६ मध्ये पुण्याच्या ‘देशाचे दुश्मन’ खटल्यात बागडे, जेधे आणि जवळकर यांची बाजू त्यांनी लढवली आणि जिंकली. त्यामुळे वकील म्हणून नाव झाले.

पण त्याच १९२६ च्या जुलैत राजरत्न गेला. पाच अपत्यांपैकी चार अशी गेली, एकटे यशवंतराव राहिले. राजरत्नाच्या मृत्यूनंतर एका मित्राला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपण किती खचलो आहोत हे मोकळेपणे सांगितले आहे. ज्या घरात दुसऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाच्या योजना ठरत, त्या घरातली चार मुले आजारपणाने गेली. रमाईंची प्रकृती नंतर सावरली नाही. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या, येवल्याच्या घोषणेच्या साडेचार महिने आधी. तोलाच्या काट्यावर या बाजूला काय ठेवावे, हे मला सांगता येत नाही. बाबासाहेबांनी स्वतःही तो हिशेब मिटवला असे कोठे दिसत नाही. ‘पाकिस्तान’वरील ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला, एवढे नोंदवतो.

जे आपल्याला मिळाले नाही ते इतरांना मिळावे, याची तजवीज मात्र त्यांनी सनद मिळाल्यापासून सुरू केली होती. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये तिच्यातर्फे सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह निघाले. राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि रात्री दिवा. डबक चाळीत रामजी सुभेदारांना जे आपली झोप देऊन पुरवावे लागले, ते येथे संस्थेने पुरवायचे होते. आपली निवासी शाळा त्या सोलापूरच्या वसतिगृहाच्या कुळातली आहे.

वीस वर्षांनी, जुलै १९४५ मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. बाबासाहेब तेव्हा देशाच्या राजकारणातले मोठे नाव होते आणि दिल्लीत कामाचा डोंगर होता. तरी महाविद्यालयाचे वर्ग कोणत्या वेळी भरावेत, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नात त्यांनी लक्ष घातले. मुंबईतले असंख्य तरुण कचेऱ्यांत कारकुनी करीत होते आणि दिवसाच्या महाविद्यालयांची दारे त्यांना बंद होती. सिद्धार्थचे वर्ग सकाळी ठेवण्यात आले. विद्यार्थी तास संपवून फोर्टातल्या आपापल्या कचेऱ्यांत हजेरीच्या वेळेला पोहोचत. १९४७ मध्ये रात्रशाळा निघाली, १९५३ मध्ये वाणिज्य महाविद्यालय, आणि १९५६ मध्ये, त्यांच्या अखेरच्या वर्षात, विधी महाविद्यालय. तेथे वकिलीचा अभ्यास करायला येणाऱ्याला नोकरी सोडावी लागत नव्हती.